शनिवार-रविवारी एव्होरा पायी पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिस्बन आणि पोर्तो सोडून एव्होराच का?

लिस्बन आणि पोर्तो ही दोन्ही शहरे पाहण्यासारखी आहेतच, परंतु दोन दिवसांत ती पायी पाहून होत नाहीत. चढउतार, ट्राम आणि रांगा यांतच निम्मा वेळ जातो. एव्होरा हे लिस्बनच्या पूर्वेला सुमारे १३० किलोमीटरवर, आलेंतेजु प्रांताच्या मोकळ्या माळावरील एका बेताच्या उंचवट्यावर वसलेले तटबंदीचे शहर आहे. तटाच्या आतील भाग जेमतेम एक चौरस किलोमीटर असल्यामुळे एका वेशीतून शिरून दुसरीतून बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. १७५५ च्या भूकंपात जुन्या लिस्बनचा मोठा भाग नाहीसा झाला; त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या शतकात, म्हणजे भारताकडे जहाजे निघत होती त्या काळात, पोर्तुगीज शहर कसे होते हे आज पाहायचे असेल तर एव्होऱ्याला यावे लागते. त्या काळी राजे आपला दरबार येथे वरचेवर हलवीत. युनेस्कोने १९८६ मध्ये या शहराचा समावेश जागतिक वारसा यादीत केला, आणि २०२७ साठी ते युरोपच्या सांस्कृतिक राजधानींपैकी एक म्हणून निवडले गेले आहे.

लिस्बनहून एका दिवसात जाऊन येता येत नाही का?

येते, आणि बहुतेक पर्यटक तसेच करतात. मीही पहिल्या खेपेला तेच केले: सकाळी अकराला पोहोचलो, रोमन देऊळ, कॅथेड्रल आणि हाडांचे चॅपल उरकले आणि पाचच्या सुमारास परतीची गाडी धरली. त्या दिवसाची आठवण म्हणून माझ्याजवळ पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी तेवढ्या उरल्या आहेत. सहलीच्या बसगाड्या संध्याकाळी निघून गेल्या की हे शहर पुन्हा तेथे राहणाऱ्यांचे होते. म्हातारी मंडळी चौकातल्या बाकांवर येऊन बसतात, विद्यार्थी कॅफेतून बाहेर पडतात आणि रोमन देवळाभोवती दिवे लागतात. म्हणून शनिवारची रात्र तटाच्या आतच काढावी, असा माझा आग्रह आहे.

लिस्बनहून कसे जावे?

आगगाडी आणि बस या दोन्ही मार्गांनी साधारण दीड तास लागतो. आगगाड्या ओरिएंते आणि एंत्रेकांपुश या स्थानकांवरून सुटतात. दिवसाकाठी त्यांची संख्या मोजकीच असल्याने वेळापत्रक आधी पाहून तिकीट काढून ठेवावे. बस अधिक वारंवार मिळतात. तरी शक्य असल्यास आगगाडीच निवडावी, कारण ती २५ एप्रिल पुलावरून तेजु नदी ओलांडते आणि सगळे लिस्बन खाली पसरलेले दिसते. एव्होऱ्याचे स्थानक तटाच्या दक्षिणेला असून तेथून मुख्य चौक पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. चाकांची सूटकेस मात्र आणू नये. दगडी गल्ल्यांतून ती ओढत नेताना माझ्या सूटकेसचे एक चाक निखळले आणि उरलेला रस्ता ती काखोटीला मारून चालावे लागले. पाठीवरची पिशवी उत्तम.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या अनेक गोमंतकीयांना अर्थातच तो लागत नाही.

कोणत्या महिन्यात जावे?

मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत, किंवा सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबर. वसंतात आजूबाजूचा माळ हिरवा असतो आणि त्यावर रानफुलांचे पट्टे उमटलेले दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये आलेंतेजु विदर्भाची आठवण करून देतो. पारा चाळीस अंशांच्या आसपास जाणे ही तेथे बातमी नसते. त्या दिवसांत जाणे भागच असेल, तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा चालावे व दुपार घरात काढावी, जे तेथील लोक पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरच्या थंडीपेक्षा घरातली थंडी अधिक बोचते, कारण जाड भिंतींची जुनी घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत.

वयस्क आई-वडिलांना हे चालणे झेपेल का?

बेताने घेतल्यास झेपेल. शहर उंचवट्यावर असल्याने कॅथेड्रलपर्यंत चढ आहे, पण तो लिस्बनसारखा छातीवर येणारा नाही. खरी अडचण पायांखालच्या दगडांची आहे. शतकानुशतकांच्या वर्दळीने ते गुळगुळीत झालेले आहेत आणि पाऊस पडला की त्यांवरून घसरायला होते; तेव्हा रबरी तळव्याचे, घोट्याला आधार देणारे बूट घालावेत. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार आली की भिंतीला पाठ टेकून उभे राहावे लागते. या भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या असतात आणि त्यांच्या तळाशी व खिडक्यांभोवती पिवळा, क्वचित निळा पट्टा ओढलेला असतो. पिवळ्यात काव मिसळलेली असते. ताज्या चुन्याला पाठ टेकली तर कोट पांढरा होतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

शनिवारचा क्रम कसा ठेवावा?

सुरुवात प्रासा दु जिराल्दु या मुख्य चौकातून करावी. ११६५ मध्ये ज्याने हे शहर मूरांकडून, म्हणजे तेथील मुसलमान सत्ताधीशांकडून, जिंकले त्या जिराल्दुचे नाव चौकाला आहे. 'निडर' हे त्याचे बिरुद. चौकात १५७१ चे संगमरवरी कारंजे आहे, त्याला आठ तोट्या आहेत आणि चौकात येऊन मिळणाऱ्या आठ रस्त्यांसाठी त्या आहेत असे सांगतात. कॉफी घेऊन बसायला जागा प्रसन्न आहे. मात्र याच चौकात १४८३ मध्ये राजा दुसरा जुआंव याने ब्रागान्साच्या ड्यूकचा शिरच्छेद करविला होता. चौकाच्या पश्चिमेकडील गल्ल्यांत पूर्वी ज्यू वस्ती होती. तिकडे उगीचच एक फेरी मारावी. पाटी वाचून पाहावे असे तेथे फारसे काही नाही, पण दारांच्या टोकदार दगडी कमानी एकामागून एक पाहत गेले की वस्ती किती दाट होती ते कळते.

त्यानंतर कॅथेड्रल. त्याचे बांधकाम ११८६ मध्ये सुरू झाले आणि ग्रॅनाइटच्या त्या इमारतीकडे पाहिल्यावर ते किल्ल्यासारखे वाटते. दोन मनोऱ्यांपैकी एक दुसऱ्यासारखा नाही. आत गाभाऱ्यासारखी जी मुख्य वेदी आहे ती अठराव्या शतकातली, माफ्राचा राजवाडा बांधणाऱ्या लुडोव्हिस या वास्तुविशारदाची आहे, आणि करड्या दगडाच्या अंधाऱ्या सभागृहाच्या टोकाला तिचे गुलाबी-पांढरे संगमरवर एकदम उजळ दिसते. सभागृहात गर्भवती मेरीची एक मूर्ती आहे. ती पोटावर हात ठेवून उभी आहे आणि समोरच्या खांबाशी गॅब्रिएल देवदूत. स्थानिक बायका बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून तिच्याकडे येतात. वर सोळाव्या शतकातला ऑर्गन आहे. जपानहून निघालेले चार तरुण उमराव रोमला जाताना १५८४ मध्ये येथे थांबले होते आणि त्यांतील दोघांनी हा ऑर्गन वाजविला. युरोपात येताना ते कोची आणि गोवा या मार्गानेच आले होते. तिकीट काढताना गच्चीचेही काढावे. छतावरून चालताना शहराची पांढरी-तांबूस घरे आणि पलीकडचा माळ एकाच नजरेत येतो.

दुपारी विद्यापीठ पाहावे. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाने चालविलेले हे विद्यापीठ १५५९ चे. राजाचा प्रमुख मंत्री, पोंबालचा मार्किझ, याने जेझुइटांना देशाबाहेर काढले तेव्हा, १७५९ मध्ये, ते बंद पडले आणि थेट १९७३ मध्ये तेथे पुन्हा शिक्षण सुरू झाले. जुन्या वर्गांच्या भिंतींवर त्या त्या विषयाला साजेशी चित्रे निळ्या-पांढऱ्या फरशांमध्ये काढलेली आहेत, आणि त्यांखाली बाके मांडून आजही तास होतात. अ‍ॅरिस्टॉटल अलेक्झांडरला शिकवीत असल्याचे चित्र पाठीशी घेऊन एक मुलगा मोबाइल चार्ज करीत बसलेला मी पाहिला.

ज्याला डायनाचे देऊळ म्हणतात ते खरोखर डायनाचे आहे का?

नाही. ते नाव सतराव्या शतकात कोणीतरी चिकटविले आणि चिकटून राहिले. देऊळ इसवी सनाच्या पहिल्या शतकातले असून बहुधा सम्राटाच्या पूजेसाठी बांधले गेले. उंच जोत्यावर त्याचे चौदा स्तंभ उभे आहेत. जवळ जाऊन पाहिले तर लक्षात येते की स्तंभाचे खोड ग्रॅनाइटचे, खरबरीत आहे, पण त्याचा पाया आणि वरची पानांची नक्षी असलेली शीर्षे जवळच्या एश्त्रेमोशच्या पांढऱ्या संगमरवराची आहेत. ग्रॅनाइटमध्ये अशी नाजूक पाने कोरता येत नाहीत.

दोन हजार वर्षे हे स्तंभ टिकले कसे, याचे उत्तर कोणाच्या भक्तीत नसून मटणाच्या दुकानात आहे. मध्ययुगात स्तंभांमधल्या मोकळ्या जागा भिंती घालून बुजविल्या गेल्या आणि १८३६ पर्यंत तेथे शहराचा खाटीकखाना होता. भिंतींनी स्तंभांना धरून ठेवले आणि दुकान चालू असल्यामुळे दगड उपसून नेण्याचा विचारही कोणी केला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या भिंती काढल्या आणि आजचे दृश्य उघडे झाले. दिवसा येथे गर्दी असते; रात्री जेवण झाल्यावर पुन्हा यावे.

या शहराचा गोव्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. माहितीपत्रकांत वास्को द गामाचे नाव हटकून येते: १४९७ मध्ये त्याच्या ताफ्याच्या निशाणांना येथील कॅथेड्रलमध्ये आशीर्वाद मिळाले अशी आख्यायिका सांगितली जाते. परंतु गोव्याच्या आणि कोकणाच्या वाचकाने येथे शोधायला हवा तो माणूस वेगळा आहे. त्याचे नाव कार्डिनल एंरिक. तो राजा तिसरा जुआंव याचा धाकटा भाऊ, १५४० पासून एव्होऱ्याचा पहिला आर्चबिशप, वर उल्लेखिलेल्या विद्यापीठाचा संस्थापक, आणि त्याच वेळी संपूर्ण पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह्यांना हुडकून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचा, प्रमुख होता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले ते त्याच्याच कारकिर्दीत. त्याच वर्षी गोव्यात पोहोचलेला तेथील पहिला आर्चबिशप गास्पार द लियांव हाही एव्होऱ्याच्या कॅथेड्रलमध्येच कॅनन, म्हणजे तेथील धर्मगुरूंपैकी एक, होता. म्हणजे ज्या माणसांनी गोव्याच्या धार्मिक जीवनाची घडी बदलली, त्यांतील दोघे याच चढावरून, याच दगडांवरून रोज चालत होते.

पोर्तुगालमधील इन्क्विझिशनचा पहिला तळही १५३६ मध्ये एव्होऱ्यातच पडला. त्याचा वाडा रोमन देवळासमोर आजही उभा आहे. एका प्रतिष्ठानाने त्यात कलादालन केले असून आत आधुनिक चित्रांची प्रदर्शने भरतात. गोव्यातील याच संस्थेच्या इमारतीला लोक 'व्हडलें घर' म्हणत, म्हणजे मोठे घर. जुन्या गोव्यात आज तिचा मागमूसही नाही. वाड्याला लागूनच 'रंगवलेली घरे' नावाची एक लहानशी बाग-ओसरी आहे. तिच्या भिंतीवर सोळाव्या शतकातील चित्रे आहेत: जलपऱ्या, सात फण्यांचे सर्प, कोंबडे, ससे. जिराल्दु चौकातली कॉफी पिऊन येथवर आलेल्या बहुतेकांना ही जागा ठाऊक नसते. मी तेथे अर्धा तास एकटाच होतो.

एक छोटी गोष्ट भाषेची. पोर्तुगीज लोक कॅथेड्रलला नुसते 'से' म्हणतात, म्हणजे बिशपचे आसन. जुन्या गोव्याचे 'से कॅथेड्रल' आपण ऐकतो तो शब्द हाच.

हाडांच्या चॅपलमध्ये लहान मुलांना न्यावे का?

मुलांवर अवलंबून आहे. मोठी माणसे घाबरतात, मुले मोजायला लागतात, असा माझा अनुभव आहे. साव फ्रान्सिश्कु चर्चला लागून असलेल्या या दालनाच्या भिंती आणि खांब सुमारे पाच हजार माणसांच्या कवट्या व हाडांनी मढविलेले आहेत. शहरातील मठांच्या दफनभूमींनी फार जागा अडविली होती, तेव्हा फ्रान्सिस्कन साधूंनी ती हाडे उकरून येथे लावली, आणि जागेच्या या हिशेबातून चिंतनाची खोली तयार झाली. दारावर लिहिले आहे: 'येथे असलेली आम्ही हाडे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत.' शनिवारी उघडण्याच्या वेळेलाच जावे. बारा वाजता आत उभे राहायला जागा नसते. हाडांच्या मांडणीत गवंड्याची शिस्त आहे, लांब हाडे आडवी एकावर एक आणि मध्ये कवट्यांच्या ओळी, हे तेव्हाच नीट पाहता येते.

रविवारी काय करावे?

रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात आणि दुकाने बंद असतात, म्हणून ती वेळ जलवाहिनीसाठी राखावी. तिचे नाव आग्वा द प्राता, म्हणजे चांदीचे पाणी. फ्रान्सिश्कु द अरुडा याने, ज्याने लिस्बनचा बेलेंचा बुरूजही बांधला, ती १५३७ मध्ये पुरी केली. सुमारे १८ किलोमीटरवरून ती शहरात पाणी आणत असे.

पाहण्याची गंमत अशी की पाण्याची पातळी सरळ राहते आणि जमीन चढत जाते, त्यामुळे शहराबाहेर उंच असलेल्या कमानी आत येता येता बुटक्या होतात. रुआ दु कानु या गल्लीत त्या इतक्या खाली आल्या आहेत की लोकांनी कमानींच्या पोटातच घरे बांधली आहेत. दोन दगडी खांबांमध्ये एक भिंत, तिला दार, दारावर घराचा क्रमांक, खिडकीत कुंडी, आणि छपराच्या जागी सोळाव्या शतकातली कमान. एका दारात एक आजीबाई उंबरा पुसत होत्या. पुसता पुसता त्यांनी खांबाचा तळाचा दगडही त्याच फडक्याने पुसून घेतला. कमानींच्या कडेने तटाबाहेर पडले की पायवाट माळावर जाते. वाटेत कार्थुसियन साधूंचा मठ लागतो. १५८७ मध्ये स्थापन झालेल्या या मठातील शेवटचे साधू २०१९ मध्ये निघून गेले. तासभर चालून परत फिरावे.

अकरानंतर लॉयुशचे चर्च गाठावे. १७११ च्या निळ्या फरशांनी त्याच्या भिंती वरपर्यंत झाकल्या आहेत, आणि जमिनीत दोन झडपा आहेत: एकीखाली जुना पाण्याचा हौद, दुसरीखाली हाडांचा ढीग.

शाकाहारी माणसाचे निभते का?

निभते, पण विचारून. आलेंतेजु हा डुकराच्या मांसाचा, मेंढीच्या चीझचा आणि पावाचा प्रांत आहे. येथील आसोर्डा हा पदार्थ आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण त्यात चक्क कोथिंबीर असते, आणि तीही मूठभर. लसूण, मीठ व कोथिंबीर खलात कुटतात, त्यावर ऑलिव्हचे तेल आणि उकळते पाणी ओततात, त्यात शिळ्या पावाचे तुकडे टाकतात आणि वर अंडे सोडतात. गरिबाघरचे हे जेवण आता हॉटेलांत ऐटीत वाढले जाते. मात्र पाण्याऐवजी कधी माशाचे पाणी वापरतात, म्हणून 'सें कार्न, सें पेइश', म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे आधीच सांगावे. एव्होऱ्याचे मेंढीच्या दुधाचे चीझ प्राण्याच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजत नाहीत, रानटी आर्टिचोकच्या जातीतल्या एका काटेरी फुलाने विरजतात; शाकाहाऱ्यांना ही माहिती उपयोगी पडावी. गोडात 'पांव द राला' घ्यावे. नावात पाव असला तरी तो बदाम आणि अंड्याच्या बलकाचा, मठातल्या जोगिणींच्या हातचा पदार्थ आहे.

बसताच टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीझ येते. ते फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत करावे. कोणी राग मानत नाही.

पोर्तुगीज येत नसेल तर अडते का?

फारसे नाही. शिवाय मराठी माणसाला अर्धा बाजार आधीच येतो: पाव, बटाटा, कोबी, अननस, साबण, चावी, बादली, फीत, लिलाव, पगार हे सगळे शब्द आपल्याकडे याच भाषेतून आले. उच्चार मात्र ओठांत मिटलेले असतात, त्यामुळे ऐकताना ओळख पटत नाही, फळ्यावर वाचताना पटते. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु' आणि बाईने 'ओब्रिगादा' म्हणावे. समोर कोण आहे याचा येथे संबंध नाही, बोलणारा कोण याचा आहे. 'मी आलो' आणि 'मी आले' यांचा भेद जाणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

अल्मेंद्रेशची पाषाणवर्तुळे पायी पाहता येतात का?

नाही. सुमारे ९५ उभ्या शिळांचे ते प्रागैतिहासिक वर्तुळ शहरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे आणि त्याला मोटार लागते. दोनच दिवस असतील तर ते सोडून द्यावे.

परतीच्या गाडीपूर्वी दोन तास उरले तर?

सामान घेऊन दक्षिणेकडील सार्वजनिक बागेत जावे, कारण ती स्थानकाच्या वाटेवरच आहे. बागेत राजा मानुएलच्या राजवाड्याचा उरलेला भाग आहे. वास्को द गामाला भारताच्या सफरीचे नेतृत्व येथेच सोपविले गेले असे म्हणतात. तेथे मोर मोकळे हिंडतात, बाकाखाली येऊन पावाचे तुकडे टिपतात, आणि राजवाड्याच्या कठड्यावर बसून ओरडतात. बागेतून निघून तटाबाहेर आल्यावर साव ब्राशचे पांढरे, बुरुजांसारख्या गोल आधारखांबांचे चॅपल लागते. तेथून स्थानक समोर दहा मिनिटांवर आहे. स्थानकाच्या भिंतींवरही फरशांची चित्रे आहेत, तेव्हा गाडीच्या वेळेच्या थोडे आधी पोहोचावे.